गव्हाला तीनच पाणी मिळणार असतील तर ती कधी द्यायची? पाणी, युरिया आणि वेळेचं साधं गणित

दर हिवाळ्यात एक बातमी आपल्या फीडवर हमखास येते. निफाडचा पारा घसरला. द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचा फोटो, खाली गोठलेल्या इमोजींची रांग आणि 'आमच्याकडे पण लई थंडी' असल्या कमेंट्स. आपण लाईक करतो आणि पांघरूण ओढून घेतो.

अशाच एका रात्री माझ्या मामांचं स्टेटस पाहिलं. वेळ रात्री दोनची. अंधारात बॅटरीचा झोत, झोतात चिखलाने भरलेले पाय आणि गव्हाच्या वाफ्यात शिरणारं पाणी. सकाळी फोन केला आणि विचारलं, "मामा, एवढ्या थंडीत रात्रीचं कशाला गेलात? दोन-चार दिवसांनी दिलं असतं पाणी."

मामा म्हणाले, "अगं, बेचाळीस दिवस झाले गव्हाला. आता नाही तर मग कधी? आणि लाईट रात्रीचीच आहे या आठवड्यात."

बेचाळीस दिवस? एवढं मोजून? कॅलेंडर बघून पाणी देतात का? आपल्याला वाटतं, माती सुकली की पाणी द्यायचं, पीक पिवळं पडलं की खत टाकायचं. कुंडीतल्या तुळशीला आपण तेच तर करतो.

पण शेतात हिशोब वेगळा असतो. तेवढंच पाणी, तेवढंच खत, तीच जमीन आणि तेच बियाणं असलं, तरी फक्त वेळ चुकली म्हणून उत्पादन खाली येतं. असं का होतं, तेच आज समजून घेऊ.

आधी हे बघू, की पीक पाण्याचं करतं काय?

पीक जेवढं पाणी मुळांनी ओढतं, त्यातलं जवळजवळ सगळं पानांवाटे हवेत सोडून देतं. पिकाच्या अंगात राहणारं पाणी अगदी थोडं असतं.

मग ही उधळपट्टी कशासाठी? पानांवर सूक्ष्म छिद्रं असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर ती उघडावी लागतात आणि उघडली की आतली वाफ बाहेर जाते. एकाच दाराने हवा आत येते आणि पाणी बाहेर जातं. जमिनीत पाणी कमी पडलं की पीक ही दारं लावून घेतं. पाणी वाचतं, पण अन्न तयार करायचं कामही मंदावतं.

म्हणून पाणी जास्त दिलं की पीक जास्त वाढतं, असं वाटणं साहजिक आहे. पण मुळांना पाण्याएवढीच हवाही लागते. शेत तुडुंब भरलं की मातीतल्या पोकळ्यांमधली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात आणि पीक पाण्यात उभं असूनही पिवळं पडतं. काळ्या जमिनीत हे पटकन होतं, कारण ती पाणी लवकर सोडत नाही.

या दोन टोकांच्या मधल्या स्थितीला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, 'वापसा'. जास्तीचं पाणी खाली झिरपून गेलंय, ओल टिकून आहे आणि हवाही खेळतेय, अशी जमीन म्हणजे वापशावरची जमीन. पिकाला मुळात पाणी नको असतं, वापसा हवा असतो, असं जुने शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने.

गव्हाच्या चार नाजूक वेळा

आता मामांच्या बेचाळीस दिवसांकडे येऊ.

गव्हाचं पीक साधारण ११० ते १२० दिवसांचं. या दिवसांत त्याला रोज सारखी तहान लागत नाही. काही दिवस असे असतात की ताण पडला तरी पीक सावरून घेतं आणि काही दिवस असे की तेव्हा झालेलं नुकसान पुढे कितीही पाणी ओतलं तरी भरून निघत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या दिवसांना कृषी विद्यापीठांच्या भाषेत 'संवेदनशील अवस्था' म्हणतात. गव्हात त्या अशा मोजतात :

- मुकुटमुळं फुटण्याची वेळ : पेरणीनंतर साधारण १८ ते २१ दिवस. बियाण्यातून निघालेली पहिली मुळं तात्पुरती असतात. रोपाला पुढे आयुष्यभर पोसणारी मुळं या दिवसांत जमिनीच्या अगदी वरच्या थरात फुटतात. तो थर कोरडा असला तर मुळं नीट फुटत नाहीत, फुटवेही कमी येतात. फुटवे कमी म्हणजे ओंब्या कमी.
- कांडी धरण्याची वेळ : साधारण ४० ते ४५ दिवस. रोप उंच व्हायला लागतं. वरून दिसत नाही, पण आत ओंबी आकार घेत असते. एका ओंबीत किती दाणे बसणार, हे बरंचसं या काळात ठरतं.
- फुलोरा : साधारण ६० ते ६५ दिवस. परागीभवन होतं. आता ताण पडला तर दाणा धरतच नाही.
- दाण्यात चीक भरण्याची वेळ : साधारण ८० ते ८५ दिवस. दाणे किती, हे ठरून गेलेलं असतं. ते टपोरे होणार की सुरकुतलेले, हे आता ठरतं.

मामांचा गहू दुसऱ्या टप्प्यावर होता. म्हणून ती रात्र.

पाणीच कमी असेल तर?

विहिरीला भरपूर पाणी असेल तर गव्हाला पाच-सहा पाळ्या देता येतात, मग फार डोकं लावावं लागत नाही. पण आपल्याकडे बहुतेक विहिरी जानेवारीनंतर दम टाकतात. म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची गव्हासाठीची शिफारस वाचण्यासारखी आहे :

- तीन पाणी शक्य असतील तर २० ते २२, ४० ते ४२ आणि ६० ते ६५ दिवसांनी.
- दोनच शक्य असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी.
- एकच शक्य असेल तर ४० ते ४२ दिवसांनी.

जरा थांबून हे पुन्हा वाचा. दोन पाणी असतील तर चाळिसाव्या दिवसाचं सोडायचं आणि एकच असेल तर नेमकं तेच द्यायचं. उलटसुलट वाटतं ना?

त्यामागचा विचार असा. दोन पाणी असतील तर एक पाया घालायला वापरता येतं आणि दुसरं दाणा धरायला. पण एकच असेल तर ते अशा ठिकाणी खर्चावं लागतं जिथून दोन्हीकडे थोडा थोडा आधार मिळेल. काळ्या जमिनीत पेरणीच्या वेळची ओल रोपाला सुरुवातीचे काही आठवडे तगवते. मधल्या टप्प्यावर दिलेलं पाणी ओंबी तयार होताना लागतं आणि जमिनीत उरलेली ओल पुढे फुलोऱ्यालाही थोडी कामी येते.

उत्तर भारतात मात्र एकच पाणी असेल तर ते साधारण २१व्या दिवशी, मुकुटमुळांच्या वेळी द्या, असं सांगितलं जातं. तिथली माती वेगळी, तिथला हिवाळा लांब. म्हणजे पंजाबच्या शेतकऱ्याचा रील बघून निफाडच्या गव्हाला पाणी द्यायचं नसतं.

हे आकड्यांत मोजता येतं का?

येतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये पाणी आणि उत्पादन यांच्या नात्यावर एक पुस्तिका काढली. तिच्यात वेगवेगळ्या पिकांसाठी, त्यांच्या वाढीच्या टप्प्यांनुसार एकेक गुणांक दिलेला आहे. अर्थ सोपा आहे. पिकाला लागणाऱ्या पाण्यात इतके टक्के तूट आली, तर उत्पादनात किती टक्के घट येईल?

मक्याचं उदाहरण घेऊ, कारण त्यात फरक ठळक दिसतो. मक्याचा गुणांक वाढीच्या काळात ०.४ आहे, फुलोऱ्यात १.५, दाणे भरताना ०.५ आणि पक्व होताना ०.२.

समजा, त्या त्या टप्प्यात पाण्याची २० टक्के तूट पडली.

- वाढीच्या काळात : उत्पादनात सुमारे ८ टक्के घट.
- फुलोऱ्यात : सुमारे ३० टक्के घट.
- पक्व होताना : सुमारे ४ टक्के घट.

तूट तिन्ही वेळा २० टक्केच, पण एकदा ४ टक्क्यांवर भागतं आणि एकदा जवळजवळ एक तृतीयांश पीक जातं.

मक्याचं एवढं का बिघडतं? कणसाच्या टोकाला जे रेशमी केस लोंबतात, त्यातला प्रत्येक केस एका दाण्याशी जोडलेला असतो. तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला तरच तो दाणा भरतो. पाण्याचा ताण पडला की केस उशिरा बाहेर येतात, तोवर पराग उडून गेलेला असतो. टोकाला दाणे नसलेलं, बोडकं कणीस तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

बरं, मग खताचं काय?

इथे गोष्ट आणखी गुंततात, कारण खत आणि पाणी एकमेकांशिवाय काम करत नाहीत.

मूळ खतातून थेट खात नाही. अन्नद्रव्य पाण्यात विरघळलं तरच मुळाला ते ओढता येतं. कोरड्या जमिनीत टाकलेलं खत म्हणजे कुलूपबंद कपाटातला डबा. उलट, भरपूर पाणी दिलं आणि जमिनीत नत्रच नसलं, तर पीक हिरवंगार होत नाही, पानांची छत्री नीट पसरत नाही, ऊन थेट जमिनीवर पडतं आणि ओल पिकाच्या कामी न येता मातीतून वाफ होऊन जाते. म्हणजे खत कमी पडलं तर पाणीही वाया जातं.

एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी एक नियम लोकप्रिय केला. पिकाची वाढ त्या गोष्टीवर अडते, जी सगळ्यात कमी आहे. हा नियम समजावताना लाकडी पिंपाचं उदाहरण देतात. पिंपाची एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या कितीही उंच करा, पाणी त्या आखूड फळीपाशीच सांडणार. पाण्याची फळी आखूड असताना युरियाची फळी उंच करून उपयोग नाही.

युरियाची गोणी फोडल्यावर काय होतं?

युरियात ४६ टक्के नत्र असतं. ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो. पण पीक युरिया तसाच्या तसा फारसा वापरत नाही. आधी मातीतल्या जैविक क्रियेने त्याचं अमोनियम होतं, मग जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पीक मुख्यतः या दोन रूपांत नत्र घेतं. हा प्रवास काही दिवसांचा असतो आणि त्यात गळतीच्या तीन जागा आहेत.

एक, वर. ओलसर जमिनीवर युरिया फेकला आणि तसाच उघडा ठेवला, तर त्यातलं काही नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. आपल्याकडच्या विम्लधर्मी काळ्या जमिनीत हे जास्त होतं.

दोन, खाली. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही. पाटाने भरमसाट पाणी सोडलं की ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. हलक्या, मुरमाड जमिनीत तर पटकन.

तीन, पुन्हा हवेत. शेतात पाणी साचून राहिलं, मातीतली हवा संपली की काही जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायुरूपात सुटतं. त्यात नायट्रस ऑक्साइडही असतो. वातावरण तापवण्याची त्याची ताकद तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट आहे.

तिन्ही गळत्यांमध्ये एक गोष्ट समान आहे. चुकतं ते पाणी आणि खत यांचं टायमिंग.

म्हणूनच बागायती गव्हाला नत्र एकदम देत नाहीत. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. एकरी हिशोबात नत्र ४८ किलो. त्यातलं निम्मं पेरणीच्या वेळी, स्फुरद आणि पालाशसोबत. दोन चाड्यांच्या पाभरीने बी आणि खत एकाच वेळी पेरलं की खत ओलीत, मुळाजवळ पडतं. उरलेलं निम्मं, म्हणजे २४ किलो नत्र, पहिल्या पाण्याच्या वेळी. युरियात मोजलं तर ५२ किलो, एका गोणीपेक्षा थोडं जास्त.

पहिलं पाणी म्हणजे तेच विसावा-एकविसावा दिवस. मुकुटमुळं फुटतायत, फुटवे येणार आहेत, म्हणजे भूक लागायच्या वेळेला ताट समोर येतं. सगळं नत्र पेरणीलाच दिलं असतं तर रोप एवढुसं असताना ते खाणार किती? उरलेलं आधीच वाटेला लागलं असतं.

मग थोडा युरिया जास्त टाकला तर काय बिघडतं?

हा प्रश्न खरा आहे, कारण युरिया स्वस्त आहे. सरकारी अनुदानामुळे ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्याच दुकानात डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना. शिवाय युरिया टाकला की आठवड्याभरात शेत काळंभोर हिरवं दिसतं. फोटोही भारी येतो.

पण पुढे काय होतं? गहू नुसता पालेदार वाढतो, खोड कोवळं राहतं आणि दाणा भरायच्या वेळी वाऱ्याने लोळतो. कोवळ्या पानांवर मावा येतो, तांबेऱ्यालाही ते मानवतं.

पाणी कमी असेल तर धोका आणखी वेगळा. सुरुवातीला मिळालेल्या भरपूर नत्रामुळे पानं खूप फुटतात आणि ती सगळी पानं जमिनीतली ओल पटापट पिऊन टाकतात. ऐन दाणा भरायच्या वेळी ओल संपलेली असते. पीक उंच, हिरवं आणि दाणा मात्र चिमटलेला. म्हणजे खत जास्त झाल्याने पाणी कमी पडलं. म्हणून कमी पाण्याच्या गव्हाला खताची मात्राही कमी सांगितलेली असते.

आणि जे नायट्रेट खाली झिरपलं ते कुठे गेलं? विहिरीत आणि बोअरमध्ये. तेच पाणी आपण पितो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत ही मर्यादा ओलांडलेली दिसते. याला सांडपाणी आणि शेणखताचे उघडे ढीगही जबाबदार आहेत, पण शेतातून झिरपणारं नत्र हे मोठं कारण आहेच. लहान बाळांना याचा सगळ्यात जास्त धोका, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते.

थांबायचं कधी, हेही टायमिंगच

पाणी कधी द्यायचं इतकंच ते कधी थांबवायचं हेही महत्त्वाचं. नाशिक म्हटलं की कांदा आलाच, तर त्याचंच बघू.

राजगुरुनगरला कांदा आणि लसणावर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथली शिफारस अशी, की कांद्याला नत्राचा काही भाग लागवडीच्या वेळी द्यायचा आणि उरलेला साधारण ३० आणि ४५ दिवसांनी. ६० दिवसांनंतर नत्र नाही. काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणीही बंद.

का? उशिरा नत्र आणि पाणी मिळालं की कांद्याची पात हिरवीच राहते, मान जाड होते, नीट वाळत नाही. कांदा दिसायला मोठा आणि वजनदार असतो, पण चाळीत ठेवला की सडतो, कोंब येतात. उन्हाळ कांदा तर चाळीत ठेवून भाव बघून विकायचा असतो. चुकीच्या वेळी दिलेल्या एका पाण्याचा फटका तीन महिन्यांनी, बाजारात नेताना कळतो.

एका एकरात किती पाणी वाचतं?

आता एक छोटा हिशोब करू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,०४७ लिटर. एका पाळीत सहा सेंटिमीटर पाणी बसतं असं धरलं तर एकरी २ लाख ४३ हजार लिटर झाले.

पाच पाळ्या म्हणजे सुमारे १२ लाख लिटर. तीन पाळ्या म्हणजे सव्वासात लाख. फरक जवळपास ४ लाख ८६ हजार लिटरचा. उन्हाळ्यात गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे ४८ टँकर. एका एकराचे.

तीन पाळ्यांत पाच पाळ्यांएवढा गहू पिकत नाही, हे खरं. पण वेळ साधली तर वाचलेल्या पाण्याच्या मानाने घट बरीच कमी असते. विहीर आटत असताना 'एकरी किती पोती' याबरोबरच 'एका पाण्यामागे किती पोती' हा प्रश्न विचारावा लागतो.

अर्थात वाचलेलं पाणी आपोआप जमिनीत साठत नाही. बऱ्याचदा ते शेजारच्या वाढीव ऊसाला जातं आणि विहीर तेवढीच रिकामी होते. त्यामुळे टायमिंग सुधारलं म्हणजे गावाचा पाणीप्रश्न सुटला, असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धसत्य आहे.

एवढं सगळं माहीत आहे, तर होत का नाही?

कारण घड्याळ शेतकऱ्याच्या हातात नाही.

मामांचाच हिशोब बघा. गहू तीन एकर. समजा, मोटार तासाला वीस हजार लिटर पाणी काढते. एका एकराला बारा तास, तीन एकरांना छत्तीस तास. थ्री फेज लाईट एका वेळी साधारण आठ तास, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. म्हणजे सगळा गहू भिजवायला साडेचार दिवस लागणार, तेही लाईट मध्ये गेली नाही आणि मोटार जळली नाही तर. बेचाळिसावा दिवस रात्रपाळीच्या आठवड्यात आला, तर रात्री जायचं. उसाच्या फडात बिबट्या असला तरी, बांधावर साप असला तरी.

रात्रीच्या पाण्याचा आणखी एक तोटा आहे. अंधारात कोणता वाफा किती भरला ते नीट दिसत नाही. झोप अनावर होते, दारं वेळेवर बदलली जात नाहीत. अनेक जण मोटारीला ऑटो स्टार्टर लावतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि पाणी वाहत राहतं. म्हणजे रात्री पाणी जास्तच जातं आणि त्याबरोबर नत्रही.

कालव्यावरच्या शेतकऱ्याची गोष्ट थोडी वेगळी, पण अडचण तीच. आवर्तन कधी सुटणार हे धरणातल्या साठ्यावर आणि बैठकीतल्या निर्णयावर ठरतं. गहू फुलोऱ्यात आहे की नाही, हे कालव्याला माहीत नसतं. पुढचं आवर्तन मिळेल याची खात्री नसली, की माणूस आलेलं पाणी शेतात मावेल तेवढं भरून घेतो. लांबून बघणाऱ्याला ती उधळपट्टी वाटते. त्याच्या दृष्टीने तो विमा असतो.

युरियाचंही तसंच. पहिल्या पाण्याच्या आठवड्यात दुकानात गोणी नसेल तर? मिळेल तेव्हा घ्यायची आणि मिळेल तेव्हा टाकायची.

मग उपाय काय?

दिवसा वीज. रात्रीचं पाणी बंद व्हावं म्हणून राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून त्यावर शेतीचे पंप दिवसा चालवायचे, अशी कल्पना. २०२४ मध्ये साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजनाही आली. पण मोफत असो वा विकत, वीज कोणत्या वेळी मिळते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

ठिबक आणि तुषार. ठिबकमध्ये पाणी थेट मुळाशी आणि थोडं थोडं जातं. विद्राव्य खत व्हेंच्युरीतून त्याच पाण्याबरोबर सोडता येतं. नत्राचे दोन हप्ते करायच्या ऐवजी दहा करता येतात, त्यामुळे गळती घटते. ऊस, कापूस, भाजीपाला, फळबागांसाठी हे उत्तम. गव्हासारख्या दाट पिकाला तुषार जास्त सोयीचं.

एकत्र येऊन पाणी मोजणं. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर हे घडलंय. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणीच पोचत नव्हतं. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यायला आणि आपापसांत वाटून घ्यायला सुरुवात केली. पुढे पूर्ण प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं. २००५ मध्ये तर राज्याने त्यासाठी कायदाच केला. आपल्या वाट्याचं पाणी किती आणि ते कधी येणार, हे आधी माहीत असलं की शेतकरी पेरणीची तारीखही त्यानुसार धरू शकतो.

शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. पेरणीची तारीख लिहून ठेवणं. घरातल्या कॅलेंडरवर, मोबाइलमध्ये, कुठेही. त्यापुढे २१, ४२, ६५ असे आकडे मांडायचे. मामा हेच करतात. त्यांच्या देवघराशेजारच्या कॅलेंडरवर गव्हाच्या तारखांना निळ्या पेनाने गोल केलेले असतात.

या वर्षी मला त्यांनी त्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. ६५व्या दिवसाच्या गोलाशेजारी लाईटचं वेळापत्रक लिहिलं होतं. पुन्हा रात्रपाळी.

गव्हाची वेळ मामांनी बरोबर साधलीय. लाईटची वेळ अजून कुणी साधून दिलेली नाही. निफाडच्या थंडीची बातमी पुढच्या वेळी फीडवर आली, तर एवढं आठवा, की त्या रात्री कुणाच्या तरी गव्हाचा बेचाळिसावा नाहीतर पासष्टावा दिवस असेल आणि आपल्या पोळीचा दाणा भरायला तो माणूस बॅटरी घेऊन निघाला असेल.